सायकलीनं काहून?

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या डिसेंबरात आम्ही काही मित्रमैत्रिणी सेवाग्रामहून भामरागडला सायकलीने गेलो. हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा रस्ता. वर्धा जिल्ह्यातल्या कपाशीतून निघायचं आणि गडचिरोलीच्या सागवानात पोचायचं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी पैसे जमवायचे होते. आज मी तुम्हाला फक्त पहिल्या दिवसाचं सांगणार आहे. पुढचे दिवस जास्त कष्टाचे होते आणि जंगलाचा रस्ता तर फारच देखणा होता, पण आम्ही कशासाठी निघालो आहोत ते आम्हाला खऱ्या अर्थाने कळलं ते पहिल्याच दिवशी.

आमच्यात एक जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या एक सिस्टरताई, दोघं शेतकरी, हिंगणघाटच्या कापूस बाजारात काम करणारा एक मित्र, आणि मी. मागून सामानाचा लहान टेम्पो. त्या टेम्पोत आमची एक मैत्रीण होती. ती स्वतः एसएस आहे, म्हणजे तिला सिकलसेलचा आजार आहे. थंडी, तहान आणि अतिश्रम या तिन्ही गोष्टी तिच्यासाठी धोक्याच्या. शरीरातलं पाणी कमी झालं किंवा गारठा लागला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत असह्य कळा सुरू होतात. म्हणून सायकल आम्ही चालवायची आणि हिशेब तिने ठेवायचा, असं तिनेच ठरवलं होतं. ही सगळी कल्पनाही तिचीच.

पैसे कशाला, असं तुम्ही विचाराल. सरकारी दवाखान्यात औषध मिळतं, रक्त मिळतं. एसटीतही सिकलसेलच्या रुग्णाला प्रवासाची सवलत आहे. पण लेकराला घेऊन जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्या आईचा रोज बुडतो. रात्री कळा उठल्या आणि एसटी नसली तर गावातली गाडी भाड्याने करावी लागते. रक्त चढवायला मुक्काम पडला की दोन दिवस बाहेरचं खाणं. औषधाला पैसे लागत नाहीत, पण औषधापर्यंत पोचायला लागतात, आणि तेवढ्यावाचून उपचार सुटतात. ओळखीच्या लोकांनी आम्हाला दर किलोमीटरमागे रुपया, दोन रुपये, कुणी पाच रुपये कबूल केले होते. जेवढं अंतर कापू, तेवढी रक्कम.

सकाळी आश्रमासमोर जमलो. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले तेव्हा हे गाव शेगाव होतं. त्या कुडाच्या घरांसमोर क्षणभर उभे राहिलो आणि निघालो. बोटं हँडलवर बधिर होत होती. पण हिवाळ्यातला उत्तरेकडचा वारा पाठीशी होता, रस्ता सपाट होता, आणि पहिला तासभर आम्ही नुसते पळत सुटलो. गुरुजींनी पल्ला आखून दिला होता. वरोऱ्यापर्यंतचे ७५-८० किलोमीटर, दुपारी दोनच्या आत.

उन्हं वर आली तशी शेतं भरू लागली. पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या बाया, धुऱ्यावर तुरी, मध्येच हरभऱ्याचा हिरवा पट्टा. एका शेताच्या कडेला पाणी मागायला थांबलो. एक आजीबाई कमरेची ओटी सावरत धुऱ्यापर्यंत आल्या.

"कोठून येऊन रायले, भाऊ?"

"सेवाग्रामहून, आजी. भामरागडला चाललो."

"सायकलीनं? काहून? यष्टी बंद हाय का?"

गुरुजींनी सिकलसेलचं नाव घेतलं मात्र, मागच्या ओळीतल्या दोन बाया वेचता वेचता थांबल्या. एकीने विचारलं, "माह्या पोरीचे हातपाय दुखत रायते, डोळे पिवळे दिसते, थेच का हे?" सिस्टरताईंनी सायकल स्टँडवर लावली आणि सरळ शेतात शिरल्या. आम्ही घड्याळाकडे बघत उभे. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या वहीत पाच नावं होती आणि उन्हं चांगली तापली होती.

नंतर हेच पुन्हा पुन्हा घडत गेलं. मोटारीतून आलेल्या माणसाला शेतातली बाई असा प्रश्न विचारत नाही. काच खाली होऊन वर जाईपर्यंत बोलणं संपतं. सायकलवाला घामाने भिजलेला असतो, त्याला पाणी हवं असतं, त्याला थांबावंच लागतं. पाणी देणारा माणूस विचारू शकतो, आणि पाणी पिणाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं.

हिंगणघाटला वेणा नदी ओलांडली. बाबा आमट्यांचा जन्म याच गावातला, २६ डिसेंबर १९१४. श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ याच गावाजवळून जातो, आणि त्यावरचे लांबलचक ट्रक पाहताना मला त्यांचं भारत जोडो अभियान आठवत होतं. १९८५ साली कन्याकुमारीहून निघालेली तरुण मुलामुलींची ती सायकलयात्रा काश्मीरपर्यंत गेली. पुढे १९८८ मध्ये दुसरी, अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातच्या ओख्यापर्यंत. बाबांना स्वतःला पाठीच्या दुखण्यामुळे धड बसताही येत नव्हतं, ते गाडीत आडवे पडून सोबत जात. आमच्या टेम्पोतल्या मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझी जागा बरोबर आहे." तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद होता तो मला फार मोलाचा वाटतो.

कापूस बाजारातल्या मित्रामुळे हिंगणघाटला तर्रीपोहे मिळाले, पोटभर. बैलबंड्या आणि मेटॅडोर कापसाने भरून रांगेत उभे होते, भाव काय निघतो याची वाट बघत. त्या रांगेतल्या शेतकऱ्यांनी, ज्यांचा स्वतःचा माल अजून विकलेला नव्हता, आमच्या डब्यात पैसे टाकले. मी त्यांना नको म्हणू शकलो नाही.

पुढे नांदोरीच्या वाटेला लागलो. हा समुद्रपूर तालुका, वायगावच्या हळदीचा मुलूख. चहाच्या टपरीवर एक प्रौढ गृहस्थ आमचं बोलणं ऐकत बसले होते. बऱ्याच वेळाने जवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "माह्या सुनेचं पहिलं लेकरू एसएस निघालं. डॉक्टर म्हणे चारातून एक. आता एक झालं, मंग बाकीचे तीन चांगलेच निघतीन नाही का?"

श्रोतेहो, हा प्रश्न तुमच्यापैकीही कुणाच्या मनात असेल, म्हणून सिस्टरताईंनी काय केलं ते नीट सांगतो. त्यांनी जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा घेतला, चार चिठ्ठ्या केल्या. एकीवर एसएस, दोनींवर एएस, एकीवर एए, म्हणजे पूर्ण निरोगी. आईवडील दोघंही एएस, म्हणजे वाहक असले, तर प्रत्येक बाळाच्या वेळी या चारातली एक चिठ्ठी निघते. त्यांनी रिकाम्या पेल्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि त्या गृहस्थांना काढायला लावली. निघालेली चिठ्ठी परत पेल्यात टाकली. "काका, ही चिठ्ठी संपत नाही. दुसऱ्या बाळाच्या वेळी पुन्हा चारही चिठ्ठ्या पेल्यातच असतात." काकांनी कितीतरी वेळा काढून पाहिली. टपरीवाल्यानेही काढली.

मग लग्नाचा विषय निघाला, तो निघणारच होता. पोरीचा रिपोर्ट एएस आला तर घरचे लपवतात, लगन अडेल म्हणून. खरं तर एएस माणूस सहसा आजारी नसतो. त्याने तपासून, एए जोडीदार पाहून लग्न केलं, तर त्यांना एसएसचं बाळ होत नाही. म्हणजे रिपोर्ट लपवल्याने घर वाचत नाही, दाखवल्याने वाचतं. हे आमच्या मैत्रिणीने सांगितलं, टेम्पोतून उतरून, स्वतःचं कार्ड सगळ्यांसमोर धरून. ती रोज हायड्रॉक्सियुरियाची गोळी घेते, त्याने कळांचे झटके कमी झाले, हेही तिने सांगितलं. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, माझी १०-२० दिवसांत फुटते, म्हणून मी लवकर थकते, आळशी नाही, असं ती म्हणाली. टपरीवर कुणी काही बोललं नाही. काकांनी मात्र तिच्यासाठी खुर्ची मागवली.

विदर्भात सिकलसेल आहे हे नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. इतक्या वर्षांनी नांदोरीच्या टपरीवर एक आजोबा तो प्रश्न पहिल्यांदा विचारतात, याचं मला फार वाईट वाटतं. चाचणी अवघड नाही. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन द्रावणात टाकतात, द्रावण गढूळ राहिलं तर पुढची तपासणी करून एएस की एसएस ते ठरवतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत होते. ऐकणाऱ्यांत लग्नाची मुलं-मुली असतील तर त्यांनी करून घ्या, मी हात जोडून सांगतो.

वरोऱ्याला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. दुपारचे दोन कुठल्या कुठे राहिले होते. एका मित्राच्या मामांकडे मुक्काम होता. मामींनी झुणका-भाकर आणि वांग्याचं भरीत केलं होतं, मांड्या भरून आल्या होत्या, आणि तरी जेवण झाल्यावर कुणी झोपायला उठेना. सिस्टरताईंची वही मधे ठेवली होती. दिवसभरात तपासणीसाठी आपणहून नाव दिलेल्या माणसांनी तिची पानं भरली होती.

दुसऱ्या दिवशी चंद्रपूर ओलांडून गोंडपिपरी गाठायचं ठरलेलं होतं. गुरुजींनीच विषय काढला. एवढा पल्ला धरला तर कुठेच थांबता येणार नाही, म्हणाले, उद्या चंद्रपूरपर्यंतच जाऊ. म्हणजे प्रवास लांबणार. गुरुजींना रजा वाढवावी लागणार होती. आमच्या शेतकरी मित्राच्या गव्हाला ओलीत द्यायचं होतं आणि त्याच्याकडे त्या आठवड्यात लाइट रात्रीची होती. त्याने अंगणात जाऊन भावाला फोन केला, बराच वेळ बोलला, आणि येऊन म्हणाला, "झालं, तो जागतो म्हणे."

सिस्टरताईंनी भद्रावतीकडच्या आपल्या ओळखीच्या सिस्टरना फोन लावून चाचणीचं साहित्य आहे का ते विचारून घेतलं. निघायची वेळ सहावरून आठ केली. सहाला गावात कुणी बोलायला थांबत नाही, आणि तेवढ्या पहाटेचा गारठा आमच्या मैत्रिणीला सोसत नाही.