तीनशे दहा मॅचेस हरलेलं कॉलेज

नमस्कार मंडळी. आज खेळाविषयी बोलूया, पण जिंकणाऱ्यांबद्दल नाही हं, त्यांच्याबद्दल सगळे बोलतातच. आज एका अशा बास्केटबॉल टीमची गोष्ट जी आपल्या लीगमध्ये सव्वीस वर्षं एकही मॅच जिंकली नाही. एकही म्हणजे एकही नाही. ओळीने ३१० मॅचेस हरली.

कॉलेज कुठलं, तर कॅलटेक, विज्ञान आणि इंजिनिअरिंगचं नावाजलेलं. कॅलिफोर्नियात पॅसाडीनाला आहे. नोबेलवाले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन इथेच शिकवायचे, आणि आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी पण इथलेच प्राध्यापक. नाव एवढं मोठं, पण पदवीची पोरं सगळी वर्षं मिळून हजाराच्या आसपास, आपल्याकडे एखाद्या बऱ्यापैकी कॉलेजची नुसती अकरावी त्याहून मोठी निघेल. टीमचं नाव बीव्हर्स, म्हणजे तो दातांनी झाडं पाडून नदीवर बांध घालणारा प्राणी. इंजिनिअर लोकांना दुसरं काय आवडणार म्हणा.

आता अमेरिकेत कॉलेजचा खेळ म्हणजे केवढं मोठं प्रकरण असतं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल, लाखभर प्रेक्षक, कोचला प्रिन्सिपॉलपेक्षा जास्त पगार वगैरे. पण तो वरचा थर झाला. कॅलटेक खेळतं डिव्हिजन थ्रीमध्ये, तिथे नियमच असा की खेळतो म्हणून कुणाला स्कॉलरशिप द्यायची नाही. त्यात कॅलटेकची स्वतःची अट अशी की खेळाडू आहे म्हणून ॲडमिशनमध्ये एका मार्काची पण सवलत नाही, स्पोर्ट्स कोटा बिटा विसराच. मग होतं काय, की एका वर्षी म्हणे टीममध्ये शाळेत पहिले आलेले जास्त होते आणि शाळेच्या टीममधून बास्केटबॉल खेळलेले कमी. मला विचाराल तर हरण्याचं अर्धं गणित इथेच सुटतं.

फुटबॉलची, म्हणजे हातात बॉल घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलची, तर और गंमत. यांची टीम कित्येक वर्षं आपल्या मॅचेस रोझ बोलमध्ये खेळायची, ते पॅसाडीनाचं जगप्रसिद्ध स्टेडियम, लाखाच्या घरात माणसं मावतात, आणि हे खेळायचे तेव्हा प्रेक्षक मूठभर. १९९३ मध्ये ती टीम बंदच झाली. पण त्याच स्टेडियममध्ये कॅलटेकचं नाव झळकलं ते न खेळता! तिथे दर नवीन वर्षाला होणाऱ्या मोठ्या कॉलेज मॅचचं नावही रोझ बोलच, १९६१ ला ती होती वॉशिंग्टन आणि मिनेसोटाची, आणि वॉशिंग्टनचे प्रेक्षक रंगीत कार्डं उंच धरून अक्षरं दाखवणार होते. कॅलटेकच्या पोरांनी त्यांच्या सूचनांचे कागद गुपचूप बदलले आणि हाफटाइमला अख्ख्या अमेरिकेने टीव्हीवर वाचलं, कॅलटेक! मग १९८४ मध्ये स्कोअरबोर्डच ताब्यात घेतला, मैदानात यूसीएलए आणि इलिनॉय खेळतायत आणि बोर्डावर दिसतंय कॅलटेक ३८, एमआयटी ९. एमआयटी म्हणजे अमेरिकेतलंच दुसरं नामांकित इंजिनिअरिंग कॉलेज.

तर बास्केटबॉल. लीगमधला शेवटचा विजय १९८५ चा. त्यानंतर दरवर्षी नवी पोरं यायची, हरायची, डिग्री घेऊन जायची, पुढची बॅच यायची, तीही हरायची, आणि तरी टीम कधी बंद पडली नाही. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे. दिवसभर लॅब, रात्रभर असाइनमेंट, आणि मधल्या वेळात हरायची खात्री असलेल्या मॅचची प्रॅक्टिस, बरं त्याचे मार्क पण नाहीत. २००७ च्या जानेवारीत लीगबाहेरच्या बार्ड कॉलेजला ८१-५२ हरवलं तेव्हा डिव्हिजन थ्रीच्या टीम्सशी सलग २०७ मॅचेस हरण्याचा सिलसिला थांबला, पण लीगचं खातं तसंच कोरं. नंतर ऑलिव्हर एस्लिंगर म्हणून कोच आले, त्यांनी सवलत मागितली नाही, गणितही येतं आणि बॉलही टाकता येतो अशी पोरं शोधून शोधून आणायला लागले.

आणि मग २२ फेब्रुवारी २०११. सीझनची शेवटची मॅच, समोर ऑक्सिडेंटल कॉलेज, स्कोअर ४५-४५. कॅलटेकचा रायन एल्मक्विस्ट, शेवटच्या वर्षाचा, कॉम्प्युटर सायन्सवाला, फ्री थ्रोला उभा. ३.३ सेकंद उरलेत. पहिला बॉल आत. दुसरा हुकला! आता ऑक्सिडेंटलकडे बॉल, त्यांनी जीव खाऊन फेकला, तोही हुकला, आणि ४६-४५. पोरं कोर्टवर धावली. मागचा विजय झाला तेव्हा या खेळाडूंपैकी कुणाचा जन्मही झाला नव्हता.

इथे थांबलो असतो, पण २०१२ चं सांगायलाच हवं. कॅलटेकमध्ये तेव्हा टर्मच्या पहिल्या तीन आठवड्यांत पोरं वेगवेगळ्या वर्गांत बसून बघायची, कुठला विषय झेपतोय, कुठला आवडतोय, आणि मगच नाव नोंदवायची. त्यामुळे त्या दिवसांत कागदोपत्री काही खेळाडू फुलटाइम विद्यार्थी नव्हते, आणि तेवढ्या दिवसांत खेळले म्हणजे नियम मोडला. तीस खेळाडू सापडले, बारा खेळांतले. सापडले कसे, तर कॉलेजने स्वतःच जाऊन एनसीएएला, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेला, सांगितलं! दंड स्वतःच ठरवला, त्यात आणखी एक शिक्षा अशी की त्या खेळाडूंना घेऊन जिंकलेल्या मॅचेस रद्द करायच्या.

त्या यादीला फार कागद लागला नसणार.