वॉर्डाची सीमा आणि मैलांचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर उल्लापूल नावाचे एक छोटे बंदर आहे. हेरिंग माशांच्या मासेमारीसाठी 1788 मध्ये वसवलेल्या या गावाची वस्ती आजही दीड हजारांच्या आसपासच आहे, आणि धक्क्यावरून लुईस बेटाकडे जाणारी फेरीबोट सुटली की गावातली निम्मी वर्दळ तिच्याबरोबर निघून जाते. नोकरीच्या निमित्ताने मी इथे आले आणि इथलीच झाले. या गावाचा कारभार ज्या स्थानिक निवडणुकीतून चालतो, तिच्याविषयी आणि विशेषतः तिच्या वॉर्डांविषयी मी आज तुमच्याशी बोलणार आहे. निवडणूक म्हटली की आपण पक्षांची आणि उमेदवारांची चर्चा करतो. विरळ वस्तीच्या मुलखात मात्र वॉर्डाची रेघ नकाशावर कुठून कुठे ओढली आहे, हा प्रश्न उमेदवाराच्या नावाइतकाच महत्त्वाचा असतो, असे इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर माझे ठाम मत झाले आहे.

आमचे गाव हायलँड कौन्सिलच्या हद्दीत येते. या एका कौन्सिलचे क्षेत्रफळ सुमारे 26,000 चौरस किलोमीटर आहे. गोव्याचे क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे साधारण सात गोवे मावतील एवढा हा प्रदेश झाला. त्यात माणसे मात्र अवघी सव्वादोन-अडीच लाख राहतात. शाळा, गावाकडचे रस्ते, कचरा, वृद्धांची देखभाल, घरबांधणीचे परवाने, इतकेच काय तर कॉरन येथील खाडी ओलांडणारी फेरीबोटसुद्धा हेच कौन्सिल चालवते. त्याच्या खाली कर लावू शकेल अशी दुसरी निवडून आलेली संस्था नाही. गावोगावी कम्युनिटी कौन्सिल असतात आणि बांधकामाच्या परवान्यांवर त्यांचे मत विचारले जाते. पण आपल्या ग्रामपंचायतीसारखी घरपट्टी, पाणीपट्टी किंवा स्वतःचा निधी त्यांच्या हाती नसतो. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट पचायला वेळ लागतो. आपल्याकडे दोन-अडीच हजार वस्तीच्या गावालाही सरपंच असतो, आणि रस्त्यावरचा दिवा बंद पडला तर कोणाच्या दारात जायचे हे लहान मुलालाही ठाऊक असते.

हे पूर्वापार असेच होते असे नाही. आमच्यापासून सुमारे पंचेचाळीस मैलांवर असलेल्या डिंगवॉल गावाला तेराव्या शतकात राजाकडून नगराची सनद मिळाली होती. अशा नगरांना इथे बर्ग म्हणत. प्रत्येक बर्गला स्वतःचे कौन्सिल असे आणि आपल्या नगराध्यक्षासारखा एक प्रोव्होस्ट असे. 1973 च्या कायद्याने हे सगळे बर्ग मोडीत काढले गेले आणि 1975 पासून नऊ विभाग, त्यांच्या पोटात 53 जिल्हे आणि तीन बेटांची स्वतंत्र कौन्सिले अशी रचना आली. पुढे 1996 मध्ये जिल्हेही गेले आणि संपूर्ण स्कॉटलंडसाठी 32 कौन्सिले उरली. कारभार सुटसुटीत व्हावा हा हेतू त्यामागे होता, आणि ग्लासगो-एडिनबरोसारख्या शहरांत तो बऱ्याच अंशी साधलाही असेल. आमच्याकडे मात्र निर्णयाचे टेबल इन्व्हर्नेसला गेले. उल्लापूलहून ते सत्तावन्न मैलांवर आहे आणि त्या अंतरातला बराचसा रस्ता डोंगरातून व माळरानातून जातो. बर्ग गेल्यानंतर गाव आणि कौन्सिल यांच्यामध्ये एकच दुवा उरला, तो म्हणजे वॉर्डातून निवडून दिलेला कौन्सिलर.

म्हणून आता वॉर्डाकडे वळते. आमच्या वॉर्डाचे नाव आहे वेस्टर रॉस, स्ट्रॅथपेफर अँड लॉखॅल्श. नावातच तीन मुलूख आहेत, आणि ते एकमेकांना लागून असले तरी जवळ मुळीच नाहीत. एका टोकाला आमचे बंदर, दुसऱ्या टोकाला स्काय बेटाच्या पुलाजवळचे काइल ऑफ लॉखॅल्श, पूर्वेला व्हिक्टोरियन काळातील आरोग्यस्नानांसाठी प्रसिद्ध असलेले स्ट्रॅथपेफर, आणि मधल्या डोंगरापलीकडे ॲपलक्रॉस, जिथे जाणारा जुना घाट 626 मीटर उंचीवरून जातो आणि हिवाळ्यात बर्फाने वारंवार बंद होतो. उल्लापूलचा माणूस काइलला जाऊन परत आला तर त्याचा अख्खा दिवस मोडतो. या सगळ्यासाठी चार कौन्सिलर आहेत. शेजारच्या स्काय बेटाच्या वॉर्डाला गेलिक भाषेतले अधिकृत नाव आहे, त्याचा अर्थ धुक्याचे बेट. सरकारी मतपत्रिकेवर इतके सुंदर नाव मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

एका वॉर्डातून तीन-चार जण निवडण्याची ही पद्धत 2004 च्या कायद्याने आली आणि मे 2007 मध्ये पहिल्यांदा वापरली गेली. त्याआधी एका वॉर्डातून एकच कौन्सिलर निवडून येत असे. आता मतदार उमेदवारांच्या नावांपुढे 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहितो. ज्यांनी महाराष्ट्रात विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मतदान केले आहे, त्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही. पहिल्या पसंतीची मते, दुसऱ्या पसंतीची मते आणि कोटा हे शब्द आपण त्या निकालांच्या बातम्यांत नेहमी ऐकतो. फरक इतकाच की तिथे पदवीधरांपुरती असलेली ही पद्धत इथे मेंढपाळापासून मुख्याध्यापकापर्यंत सगळे वापरतात.

कोट्याचे गणित एका कल्पित उदाहरणाने सांगते. समजा, चार जागांच्या वॉर्डात 4,000 वैध मते पडली. जागांच्या संख्येत एक मिळवायचा, म्हणजे पाच झाले. 4,000 ला पाचाने भागून आलेल्या आठशेत पुन्हा एक मिळवायचा. कोटा झाला 801. आता एका उमेदवाराला पहिल्या पसंतीची 1,068 मते मिळाली, तर तो निवडून आला आणि त्याच्याकडे 267 मते जास्तीची उरली. ही जास्तीची मते कोणाची धरायची? स्कॉटलंडचा नियम असा आहे की त्या सर्व 1,068 मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात, पण पूर्ण किमतीने जात नाहीत. 267 भागिले 1,068, म्हणजे प्रत्येक मतपत्रिकेची किंमत पाव मत एवढी होते. हे हिशेब हातांनी करणे जिकिरीचे असल्यामुळे मतपत्रिका कागदाची असली तरी मोजणी यंत्रावर होते. ज्याला सर्वांत कमी मते आहेत तो बाद होतो, त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीकडे जातात, आणि चार जागा भरेपर्यंत फेऱ्या चालू राहतात.

इथे आपल्याकडच्या बहुसदस्यीय प्रभागांशी तुलना केल्याशिवाय मला राहवत नाही. पुण्यासारख्या महापालिकेत चार सदस्यांचा प्रभाग असतो, तेव्हा मतदार अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार वेगवेगळी मते देतो. त्यामुळे एखाद्या पक्षाची लाट असली की चारही जागा त्याच पक्षाकडे जाऊ शकतात. स्कॉटलंडमध्ये मतदाराचे मत एकच असते, फक्त ते एकाकडून दुसऱ्याकडे सरकू शकते. म्हणून चार जागांच्या वॉर्डात ज्या गटामागे साधारण पाचवा हिस्सा मतदार आहेत, त्याचा एक माणूस निवडून येतोच. वॉर्डातल्या एका खोऱ्याने एकदिलाने ठरवले, तर त्या खोऱ्याचा कौन्सिलर कौन्सिलात बसतो. विरळ वस्तीच्या प्रदेशाला ही पद्धत मानवते, असे मी मनापासून म्हणते. म्हणूनच आमच्या भागात अपक्षांचे बळ टिकून आहे. 2022 च्या निवडणुकीत हायलँड कौन्सिलच्या 74 जागांपैकी 22 स्कॉटिश नॅशनल पार्टीला मिळाल्या, आणि अपक्षांनी 21 जिंकल्या. ऑर्कनी, शेटलंड आणि पश्चिमेकडील बेटांच्या कौन्सिलांत तर अपक्षांचीच बहुसंख्या असते.

या पद्धतीची जी किंमत आहे ती लोक मैलांमध्ये मोजतात. चार जणांसाठी चार जणांपुरता मोठा मुलूख एकत्र करावा लागतो. आमच्या शेजारी राहणारे एक वृद्ध मेंढपाळ मला नेहमी सांगतात की जुन्या वॉर्डात कौन्सिलर त्यांच्या फाटकासमोरून जात असे आणि खड्डा त्याला स्वतःच्या गाडीत बसून जाणवत असे. आता चौघांपैकी कोणाला फोन करावा, हाच त्यांना पहिला प्रश्न पडतो. शाळेच्या बसच्या वेळेवरून गावच्या सभागृहात झालेली एक बैठक मला आठवते. नोव्हेंबरची संध्याकाळ होती, चार वाजताच अंधार पडला होता, आणि वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून आलेल्या कौन्सिलरबाई ओला कोट खुर्चीवर टाकून, चहाच्या कपाभोवती दोन्ही हात धरून, पालकांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकत होत्या. त्यांना घरी पोहोचायला मध्यरात्र झाली असणार. अशा प्रदेशात प्रतिनिधी होणे म्हणजे प्रवास करणे, आणि तो प्रवास वॉर्डाच्या नकाशावर ठरतो.

आता हा नकाशा कोण काढते ते पाहू. बाउंडरीज स्कॉटलंड ही स्वतंत्र संस्था वेळोवेळी वॉर्डांची फेररचना सुचवते. कायद्याचा मूळ दंडक असा की एका कौन्सिलमध्ये प्रत्येक कौन्सिलरमागे मतदारांची संख्या शक्य तितकी समान असावी. मात्र स्थानिक नातेबंध जपावेत, ओळखू येतील अशा सीमा असाव्यात, आणि भूगोल फारच वेगळा असेल तर समानतेपासून दूर जाण्याची मुभा असावी, असेही त्याच कायद्यात लिहिलेले आहे. सगळा वाद या मुभेभोवती फिरतो. इन्व्हर्नेस शहर वाढते आहे आणि दूरच्या खोऱ्यांत तरुण टिकत नाहीत. नुसती डोकी मोजली तर प्रत्येक फेररचनेत कौन्सिलर शहराकडे सरकत जाणार आणि आमच्यासारखे वॉर्ड आणखी पसरत जाणार.

2018 च्या बेटविषयक कायद्याने पहिल्यांदा या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. बेटे असलेल्या प्रदेशांत एक किंवा दोन सदस्यांचा वॉर्ड करण्याची परवानगी त्याने दिली, आणि त्यानुसार सहा कौन्सिलांचे नकाशे पुन्हा तपासण्यात आले. ॲरन बेट पूर्वी समुद्रापलीकडच्या आर्ड्रोसन या मुख्य भूमीवरील बंदराला जोडलेले होते. 2022 पासून त्याला स्वतःचा एक कौन्सिलर आहे. हायलँडचा आणि आर्गाईल अँड ब्यूटचा प्रस्ताव मात्र स्कॉटिश संसदेने 2021 मध्ये फेटाळला, आणि आम्ही 2022 मध्ये जुन्याच सीमांवर मतदान केले. दुर्गम भागाचा आवाज आणखी क्षीण होईल ही स्थानिक लोकांची आणि कौन्सिलरांची हरकत आमदारांनी ऐकून घेतली, हे मला फार मोलाचे वाटते. आकडेमोड चुकली होती असे कोणी म्हणत नव्हते. मैलसुद्धा मोजा, एवढेच लोकांचे म्हणणे होते.

एक काळजीची गोष्टही सांगायला हवी. 2007 मध्ये नवी पद्धत आली तेव्हा एकही वॉर्ड बिनविरोध झाला नाही, पण 2017 मध्ये आणि 2022 मध्ये तर अधिकच, ग्रामीण भागांतील आणि बेटांवरील काही वॉर्डांत जागांपेक्षा जास्त उमेदवारच उभे राहिले नाहीत आणि तिथे मतदान झालेच नाही. अनामत रक्कम भरावी लागत नसूनही ही स्थिती आहे. ज्या वॉर्डात एका बैठकीसाठी दोन-तीन तास गाडी चालवावी लागते, तिथे लहान मुलांची आई, बोटीवर जाणारा कोळी किंवा दुकान एकट्याने सांभाळणारा माणूस उभा राहायला कचरतो. ऑनलाइन बैठकांनी थोडा दिलासा दिला आहे, पण शाळेच्या बसचा प्रश्न पडद्यावरून सुटत नाही.

स्कॉटलंडमध्ये राहणारी जी मराठी मंडळी हे ऐकत असतील, त्यांच्यासाठी थोडे कामाचे सांगते. कौन्सिलच्या निवडणुकीत वयाच्या सोळाव्या वर्षापासून मत देता येते. त्यासाठी ब्रिटिश नागरिक असण्याची अट नाही. कायदेशीर वास्तव्य असलेल्या, भारताचा पासपोर्ट बाळगणाऱ्या माणसालाही हा हक्क आहे, फक्त मतदार यादीत नाव नोंदवलेले हवे. सकाळी सात ते रात्री दहा मतदान चालते. माझे पहिले मत मी गावच्या सभागृहात, दोरीने बांधलेल्या पेन्सिलीने दिले. बाहेर रेलिंगला एक मेंढ्यांचा कुत्रा बांधलेला होता, आत केंद्रावरच्या बाईंनी माझे आडनाव यादीत शोधून, नीट उच्चारता यावे म्हणून मला दोनदा विचारले, आणि मग मतपत्रिका हातात देताना सांगितले की फुली मारायची नाही, आकडे लिहायचे. मी पहिला आकडा आमच्या खोऱ्यातल्या अपक्षापुढे लिहिला, आणि दुसरा वॉर्डाच्या त्या दुसऱ्या टोकाहून येणाऱ्या बाईंपुढे.

पुढची निवडणूक गुरुवार, 6 मे 2027 रोजी आहे. नमस्कार.