पोटाला मुका मार आणि आतली रक्तवाहिनी

नमस्कार श्रोतेहो.

उसाचा हंगाम लागला की बीड, धाराशिव, लातूरच्या रस्त्यांवर रात्रभर डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर चालतात. अंधारात मोटारसायकल मागून ट्रॉलीला धडकते आणि हँडल पोटात बसतं. माणूस उठतो, कपडे झटकतो आणि म्हणतो, "काही नाही, मुका मार हाय." बैलाची लाथ बसली, पोरगं सायकलवरून हँडलवर पडलं, तरी हेच वाक्य. वर खरचटल्याइतकी खूण आणि आत रक्तवाहिनी फाटलेली, असं होऊ शकतं. म्हणून आज त्याबद्दल बोलू.

ही इजा दोन तऱ्हेची असते. पहिलीत रक्ताची नळी फुटते आणि रक्त पोटात साचतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं, आणि पोट त्यातलं निम्मं सहज लपवतं. दुसरीत नळी बाहेरून धड दिसते, पण झटक्याच्या ताणानं तिचं आतलं अस्तर चिरतं. चिरलेली कड प्रवाहात लोंबते, तिथं गुठळी धरते आणि पुढचा रस्ता बंद होतो. ठिबकच्या नळीत कचरा अडकला की पुढची झाडं वाळतात, तसं मूत्रपिंडाची नळी बंद पडली की मूत्रपिंड वाळतं. त्याच्या हाती पाच-सहा तासच असतात. अशा वेळी लघवीत रक्त येतंच असं नाही, त्यामुळे लघवी स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

आतड्याला धरून ठेवणारा झालरीसारखा पडदा असतो, त्याला मेसेंटरी म्हणतात. आतड्याच्या सगळ्या रक्तवाहिन्या त्यातून जातात. गाडी एकदम थांबते, आतडं पुढं झेपावतं आणि पडदा मुळाशी फाटतो. सीटबेल्टचा खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर हवा. तो पोटावर सरकलेला असेल तर बेंबीखाली आडवा लालसर-जांभळा पट्टा उमटतो. असा पट्टा दिसला की आतड्याला, मेसेंटरीला किंवा कण्याला इजा आहे असं धरूनच तपासणी करायची.

घरच्यांनी काय पाहावं? नाडी मिनिटाला १००च्या वर, हातपाय गार, अंगाला चिकट घाम, तहान, अस्वस्थपणा. नख दाबून सोडल्यावर गुलाबीपणा यायला २ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागणं. डाव्या खांद्यात विनाकारण दुखणं, हे डाव्या फासळ्यांखालच्या प्लीहेतून रक्त गेल्याचं लक्षण असू शकतं. एक पाय दुसऱ्यापेक्षा गार पडणं. रक्तदाबावर मात्र विसंबू नका. तरुण माणसाचा दाब दीड लिटर रक्त जाईपर्यंत टिकतो आणि मग धाडकन कोसळतो. मेटोप्रोलॉलसारखी रक्तदाबाची, नाडी मंदावणारी गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची नाडी वाढतच नाही, म्हणून गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

जागेवर पोट चोळू नका, शेकू नका, चहा-पाणी पाजू नका. कमरेचं हाड मोडल्याची शंका असेल तर चादरीची घडी मांडीच्या वरच्या टोकाला, खुब्याच्या हाडांवर आवळून बांधा. ती कमरेला बांधून उपयोग होत नाही, ही चूक फार होते. दिवस गेलेल्या बाईला डाव्या अंगाकडे कलतं ठेवा. १०८ला फोन करा आणि विचारा की सीटी स्कॅन, रक्तपेढी आणि सर्जन तिन्ही रात्री कुठं मिळतील. छत्रपती संभाजीनगरची घाटी, किंवा नांदेड, लातूर, अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय, जे जवळ असेल तिकडं सरळ जा. वाटेत तीन दवाखाने करण्यात जो वेळ जातो, तोच रुग्णाला महाग पडतो.

आता दवाखान्यातलं. आधी फास्ट नावाची सोनोग्राफी होते. हृदयाभोवती, यकृताजवळ, प्लीहेजवळ आणि ओटीपोटात, अशा चार जागी पाणी किंवा रक्त शोधतात. साधारण २०० मिलीलिटरपेक्षा कमी रक्त तिला सहसा दिसत नाही आणि पोटाच्या मागच्या भागात साचलेलं तर जवळजवळ नाहीच. मोठ्या रक्तवाहिन्या नेमक्या तिथंच असतात. म्हणून "सोनोग्राफी नॉर्मल" ऐकून घरी जाऊ नका. पहिलं हिमोग्लोबिनही फसवतं, कारण रक्त जसंच्या तसं जातं, ते पातळ व्हायला वेळ लागतो.

रुग्ण स्थिर असेल तर शिरेतून औषध सोडून सीटी अँजिओग्राफी करतात. त्यात रक्त गळतं तिथं पांढरा ठिपका पसरताना दिसतो, बंद पडलेली नळी मध्येच तुटल्यासारखी दिसते आणि रक्त न मिळालेलं मूत्रपिंड काळं राहतं. दाब कोसळलेल्या रुग्णाला मात्र सीटीच्या बोगद्यात घालत नाहीत, तो थेट ऑपरेशनला जातो.

सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या लावल्यानं जीव वाचत नाही. रक्त पातळ होतं, अंग गार पडतं, गोठण्याची ताकद जाते. डोक्याला मार नसेल तर रक्तस्राव थांबेपर्यंत वरचा दाब ८०-९० पुरतो. लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स सारख्या प्रमाणात देतात. धरलेली गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे औषध १ ग्रॅम १० मिनिटांत आणि मग १ ग्रॅम ८ तासांत देतात. पण सुरुवात ३ तासांच्या आत व्हायला हवी, उशिरा ते अपायच करतं.

ऑपरेशनमध्ये सर्जन पोटाच्या चारही कोपऱ्यांत मॉप, म्हणजे कापडाच्या जाड घड्या, दाबून रक्त रोखतात. मधोमध, महाधमनीच्या जागी साचलेलं रक्त उघडून बघावंच लागतं. मूत्रपिंडाजवळचं वाढत नसेल तर हात लावत नाहीत, आणि ओटीपोटाच्या मोडलेल्या हाडांभोवतीचं तर मुका मार असेल तर शक्यतो उघडतच नाहीत. तिथं कमरेच्या हाडांची बांधणी, मॉप किंवा जांघेतून बारीक नळी घालून कॉइलनं, म्हणजे तारेच्या वेटोळ्यानं, रक्तवाहिनी बंद करणं चांगलं. फाटलेली नळी शिवतात, तुकडा गेला असेल तर मांडीची शीर किंवा कृत्रिम नळी जोडतात. आतड्याचा रंग शंकास्पद वाटला तर पोट तात्पुरतं झाकून २४ ते ४८ तासांनी पुन्हा उघडून बघतात. हे "ऑपरेशन फसलं" म्हणून नसतं, आधीच ठरवलेलं असतं. नातेवाइकांनी तेव्हा घाबरू नये.

घरी आल्यावरही डॉक्टर सांगेपर्यंत जड उचलायचं नाही. आतल्या नळीला फुगा आला असेल तर तो उशिरा फुटू शकतो. चक्कर, काळी शी, लघवीत रक्त, वाढतं पोटदुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच रात्री परत जा. प्लीहा काढली असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलसच्या लसी साधारण १४ दिवसांनी घ्यायच्या असतात. त्यांची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि ताप आला तर ते कार्ड घेऊनच डॉक्टरांकडे जा.

नमस्कार.