वऱ्हाडचा पट्टा आणि हिंदी महासागरातलं बेट

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या नागपुरात काही जुन्या शाळा-महाविद्यालयांच्या पाट्यांवर अजूनही ‘सी. पी. अँड बेरार’ असं वाचायला मिळतं. मध्य प्रांत आणि वऱ्हाड, राजधानी नागपूर. पण यातलं वऱ्हाड कागदोपत्री इंग्रजांचं कधीच नव्हतं, हे किती जणांना ठाऊक असेल? अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हा सगळा मुलूख इंग्रज जाईपर्यंत निजामाच्या सार्वभौमत्वाखालचा मानला जायचा. मालकी एकाची, कारभार दुसऱ्याचा. देशादेशांतले आजचे झगडे समजून घ्यायचे तर मी आधी वऱ्हाडकडे बघतो.

१८५३ साल. निजामाच्या पैशानं पोसलेली एक फौज होती, हैदराबाद कंटिंजंट. पगार निजामाचा, अधिकारी आणि हुकूम मात्र इंग्रजांचा. पगार थकला की कंपनी सरकार पैसे घालायचं आणि ते निजामाच्या नावावर कर्ज म्हणून मांडायचं. कर्ज फुगलं तेव्हा डलहौसीच्या सरकारनं फौजेच्या खर्चापोटी मुलूख लावून घेतला. त्यात मुख्य वऱ्हाड, कपाशीची काळीभोर जमीन! त्याच वर्षी डिसेंबरात इकडे तिसरे रघुजीराजे भोसले वारले. औरस वारस नाही म्हणून १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा झालं. म्हणजे नागपूर उघड गिळलं आणि वऱ्हाड करार करून ठेवून घेतलं. मला विचाराल तर दुसरी रीत जास्त चलाखीची. खालसा केलं की लोकांच्या डोळ्यांवर येतं. कराराचं काय, त्यावर फक्त वकील आणि दिवाण भांडत बसतात.

आणि ते भांडलेच. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग वऱ्हाड परत मिळावं म्हणून वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले. १८७६ साली इंग्लंडलाही जाऊन आले. हाती काही लागलं नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झननं वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये देऊन. निजामाचं सार्वभौमत्व त्या करारात मान्य केलेलं होतं, बरं का! पुढे निजाम मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितलं, निदान चौकशीला आयोग तरी नेमा म्हणाले. व्हाइसरॉय रीडिंग यांनी मार्च १९२६ मध्ये जे उत्तर पाठवलं, त्याचा मथितार्थ असा: हिंदुस्थानात ब्रिटिश मुकुटच सर्वोच्च आहे, कुठल्याही संस्थानिकाला आमच्याशी बरोबरीच्या नात्यानं बोलता येणार नाही. ज्याच्यावर फिर्याद, निवाडाही त्याचाच. निजाम काही गरीब गाय नव्हता, पण प्रश्न त्याच्या स्वभावाचा नव्हताच.

आता जरा दूर जाऊ, हिंदी महासागरात. मॉरिशसमध्ये आपली मराठी माणसं पिढ्यानपिढ्या आहेत, तेव्हा तो देश तसा परका नाही. १९६८ साली तो स्वतंत्र झाला. त्याआधी तीन वर्षं, १९६५ मध्येच, ब्रिटननं त्याच्यापासून चागोस द्वीपसमूह तोडला, ३० लाख पौंड दिले आणि संरक्षणाची गरज संपली की परत करू असं सांगितलं. त्यातलं दिएगो गार्सिया हे बेट अमेरिकेच्या लष्करी तळासाठी गेलं. १९७३ पर्यंत चागोसवरची सगळी माणसं मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडली.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत दुसऱ्याच कलमात लिहिलंय की सगळी सदस्य राष्ट्रं सार्वभौम म्हणून समान आहेत. पुढे त्याच सनदेत पाच राष्ट्रांना नकाराधिकार! तरीही मॉरिशसला एक गोष्ट मिळाली, जी सालारजंगांना कधीच मिळाली नव्हती. ब्रिटनबाहेरचा न्यायाधीश. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १३ विरुद्ध १ अशा बहुमतानं सांगितलं की चागोस तोडणं बेकायदा होतं आणि ब्रिटननं तिथला कारभार लवकरात लवकर संपवावा. हे मत सल्ल्यापुरतं, बंधनकारक नाही. पण त्याच मे महिन्यात आमसभेत मतदान झालं, ११६ बाजूनं आणि सहा विरोधात. भारत मॉरिशसच्या बाजूनं उभा राहिला. तळ जागचा हलला नाही, पण ब्रिटनला जगात तोंड दाखवणं जड जाऊ लागलं. दुबळ्याच्या हाती आज एवढंच येतं, आणि माझ्या मते ते थोडं नाही.

मग २२ मे २०२५ रोजी करारावर सह्या झाल्या. त्यात ठरलं ते असं: चागोसचं सार्वभौमत्व मॉरिशसचं. दिएगो गार्सियाचा तळ मात्र ९९ वर्षं ब्रिटनच्या ताब्यात, त्यापोटी दरवर्षी सरासरी १०.१ कोटी पौंड. वऱ्हाडचा १९०२ चा पट्टा आठवतोय ना? फरक नाही असं मी म्हणणार नाही. इथे मुदत आहे, मॉरिशसनं सौदा घासाघीस करून केलाय, आणि त्याला बरोबरीनं बोलता येत नाही असं सांगायची आज कुणाची छाती नाही.

पण एक जागा दोन्ही कागदांत सारखीच कोरी आहे. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला १८५३ लाही कुणी विचारलं नाही आणि १९०२ लाही नाही. चागोसच्या माणसांनाही नाही. नव्या करारात बाकीच्या बेटांवर परत वस्ती करता येईल म्हणे, पण दिएगो गार्सियावर नाही, आणि अनेकांची घरं नेमकी तिथलीच. त्या बेटावर जन्मलेल्या दोन बायका सह्यांच्या ऐन तोंडावर लंडनच्या कोर्टात गेल्या होत्या. पहाटे स्थगिती मिळाली. दुपारपर्यंत ती उठली, आणि त्याच दिवशी सह्या झाल्या.