उडी घेणाऱ्याची नोंद

नमस्कार श्रोतेहो.

समुद्राचा कायदा जुना आहे आणि हिशेबी आहे. बुडायला आलेलं जहाज कोणी वाचवलं, त्यातला माल किनाऱ्याला लावला, की वाचवणाऱ्याला त्या मालाच्या किमतीतला वाटा मिळतो. माल वाचला तर मोबदला, नाही वाचला तर हात हलवत घरी. हा व्यवहार आजही चालतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या किनाऱ्यावर यातून एक विचित्र गोष्ट होत असे. जहाज मालासकट तळाला गेलं आणि कोणी नुसती माणसं ओढून बाहेर काढली, तर कायद्यानं त्याला छदामही देणं लागत नव्हतं. साखरेच्या पोत्याला भाव होता, खलाशाला नव्हता. 1854च्या कायद्यानं यात थोडी दुरुस्ती केली, तीसुद्धा थोडीच.

ही उणीव भरून काढायला सरकार पुढे आलं नाही, एक धर्मादाय संस्था आली. आज ती ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’ या नावानं ओळखली जाते. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर तिची 238 लाइफबोट केंद्रं आहेत, चालवणारे बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत आणि खर्च देणग्यांवर आणि मृत्युपत्रांतून आलेल्या पैशांवर भागतो. 1824पासून तिनं 1,46,000हून जास्त जीव वाचवले. पण आज मी तिच्या बोटींबद्दल फारसं बोलणार नाही. मला बोलायचं आहे तिच्या बक्षिसांबद्दल.

संस्थेचा जनक सर विल्यम हिलरी. हे गृहस्थ आइल ऑफ मॅन बेटावर डग्लस गावी राहायचे. समोरच्या उपसागरात जहाजं फुटायची आणि ते ती पाहायचे. 1823मध्ये त्यांनी एक आवाहन छापून ब्रिटिश जनतेपुढे ठेवलं. 4 मार्च 1824ला लंडनच्या बिशप्सगेट भागात ‘लंडन टॅव्हर्न’ नावाच्या जागी सभा भरली आणि ठराव झाले. त्यातल्या तीन ठरावांकडे लक्ष द्या. जीव वाचवणाऱ्याला पदक किंवा रोख बक्षीस द्यावं. वाचवताना कोणी मेला तर त्याच्या विधवेला आणि मुलांना मदत करावी. आणि बुडणारा कोणत्याही देशाचा असो, युद्ध असो की शांतता, सगळ्यांना नियम सारखाच. नेपोलियनशी लढाई संपून दहा वर्षंही झाली नव्हती, आणि ही मंडळी उद्या शत्रूचा खलाशी वाचवणाऱ्यालाही पदक द्यायचं म्हणत होती.

सभा झाली आणि चौथ्याच दिवशी, 8 मार्चला, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर क्राइस्टचर्चजवळ ‘कार्ल जीन’ नावाचं स्वीडिश जहाज किनाऱ्याजवळ येऊन रुतलं. आरमारी कॅप्टन चार्ल्स फ्रीमँटल यांनी कमरेला दोर बांधला आणि पोहत जहाज गाठलं. तिथल्या खलाशांना पाण्यात उतरायचा धीर होईना. फ्रीमँटल दमले. किनाऱ्यावरच्या लोकांनी दोर ओढला तेव्हा ते जवळजवळ बेशुद्ध होते. पुढे जहाज मोडलं आणि ती माणसं डोलकाठीच्या आधारानं किनाऱ्याला लागली.

म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर फ्रीमँटल यांनी स्वतः कोणालाही किनाऱ्यावर आणलं नाही. तरी संस्थेचं पहिलं सुवर्णपदक त्यांनाच मिळालं. मला ही सुरुवात फार आवडते. मालाच्या कायद्यात ‘वाचलं तर पैसे’ हा नियम होता, तो या लोकांनी पहिल्याच पदकात मोडून टाकला. त्यांनी किती माणसं हाती लागली हे मोजलं नाही; पाणी कसं होतं, वारा कसा होता, त्यात हा माणूस काय करायला गेला, हे मोजलं. ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल बंदर याच कॅप्टनच्या नावाचं आहे.

पदकाचा साचा टांकसाळीतल्या विल्यम वायन यांनी केला. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला होडीतले तीन खलाशी चौथ्याला पाण्यातून वर ओढताहेत, आणि भोवती बायबलातल्या स्तोत्राची ओळ, ‘खोल पाण्यानं मला गिळू नये’. 1937पासून राजाच्या जागी हिलरींचा चेहरा आला. तो मानही त्यांनी बसल्या जागी मिळवलेला नाही. नोव्हेंबर 1830मध्ये ‘सेंट जॉर्ज’ ही टपालबोट डग्लसच्या उपसागरात खडकावर चढली, तेव्हा साठीला टेकलेले हिलरी स्वतः लाइफबोटीत होते. लाटेनं ते बोटीबाहेर फेकले गेले, बरगड्या मोडल्या. टपालबोटीवरचे बावीसही जण वाचले. हिलरींना शौर्याची तीन सुवर्णपदकं आहेत, संस्थापक म्हणून मिळालेलं चौथं वेगळं.

आता थोडं खटकणारं बोलतो. सुरुवातीच्या काळात सोन्या-चांदीची पदकं बरीचशी आरमारी आणि किनारारक्षक अधिकाऱ्यांकडे गेली. त्याच होडीत वल्ही मारणाऱ्या साध्या माणसांच्या हातावर बहुतेक वेळा नाणी ठेवली गेली. यात तेव्हाचा वर्गभेद आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. पण नाण्यांना कमी लेखायचंही कारण नाही. मच्छीमारानं वादळात होडी घातली की त्याची रात्र जाते, जाळी जातात, कधी होडी फुटते. हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. 17 जुलै 1947ला ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसला जाताना उलटली, सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या दिवशी मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी मासळी समुद्रात टाकून दिली आणि त्या जागी माणसं घेतली. त्या टोपल्यांची किंमत त्यांच्याच घरातून गेली. इंग्लंडच्या संस्थेनं लाइफबोटीशी काही संबंध नसलेल्या, स्वतःच्या होड्या घालणाऱ्या मच्छीमारांनाही बक्षिसं दिली, ती या खर्चाची जाण ठेवूनच, असं मला वाटतं.

पण बक्षिसाची नजर आणि लोकांची नजर एकाच ठिकाणी पडेल असं नसतं. ग्रेस डार्लिंगचं नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. 7 सप्टेंबर 1838, इंग्लंडच्या ईशान्येला फार्न बेटं. ‘फॉर्फरशायर’ ही आगबोट खडकावर आपटून दुभंगली. लाँगस्टोन दीपगृहाच्या रखवालदाराची ही 22 वर्षांची मुलगी वडिलांबरोबर लहान होडी वल्हवत गेली. वडील खडकावर उतरले, तेवढा वेळ खवळलेल्या पाण्यात होडी तिनं एकटीनं आवरून धरली. दोन खेपांत नऊ जण वाचले. त्यांत एक आई होती, जिची दोन मुलं तिच्या कुशीतच गेली होती. बापलेक दोघांनाही रौप्यपदक मिळालं. मग देश तिच्या मागे लागला. चित्रकार आले, लोक केसांच्या बटा मागू लागले. चार वर्षांत क्षयानं ती गेली.

त्याच सकाळी नॉर्थ संडरलँड गावातून सात जण होडी वल्हवत त्याच खडकाकडे गेले होते, त्यांत ग्रेसचा सख्खा भाऊही होता. ते पोचले तेव्हा खडकावर फक्त प्रेतं होती. परतीला हवा इतकी बिघडली की त्यांनाही दीपगृहातच आसरा घ्यावा लागला. त्यांच्या केसांच्या बटा कोणी मागितल्या नाहीत.

विसाव्या शतकात कांस्यपदक सुरू झालं, 1917मध्ये, आणि बोटीवरच्या साध्या माणसापर्यंत पदक पोचायची वाट रुंद झाली. याच काळातला संस्थेचा सर्वांत मोठा मानकरी क्रोमर गावचा हेन्री ब्लॉग. धंद्यानं खेकडे पकडणारा, उन्हाळ्यात किनाऱ्यावर खुर्च्या भाड्यानं देणारा. लाइफबोटीचा कॉक्सवेन, म्हणजे आपले कोळी ज्याला तांडेल म्हणतात तो. 53 वर्षांची सेवा, 873 जीव, तीन सुवर्ण, चार रौप्य. 1941च्या ऑगस्टमध्ये युद्धकाळातल्या ताफ्यातली सहा जहाजं एका वाळूच्या दांड्यावर चढली, तेव्हा त्याच्या बोटीनं 88 माणसं उतरवून घेतली. 1932मध्ये एका इटालियन जहाजावरून त्यानं सेंट बर्नार्ड जातीचा एक कुत्राही काढला, त्याबद्दल श्वानरक्षक संघानं वेगळं रौप्यपदक दिलं. कुत्रा ब्लॉगच्याच घरी राहिला.

आणि आता पेनली. इथे मी जरा थांबणार आहे.

19 डिसेंबर 1981. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल, तिथलं माउसहोल हे लहानसं मच्छीमार गाव; पेनली हे तिथल्या लाइफबोट केंद्राचं नाव. ‘युनियन स्टार’ हे नवंकोरं मालवाहू जहाज आपल्या पहिल्याच सफरीवर होतं. इंधनात समुद्राचं पाणी शिरलं आणि इंजिन बंद पडलं. जहाजावर आठ जण होते, त्यांत कप्तानाची बायको आणि दोन तरुण सावत्र मुली. वारा चक्रीवादळाच्या जोराचा, लाटा पन्नास-साठ फुटांच्या. आरमाराचं हेलिकॉप्टर आलं, पण डोलणाऱ्या डोलकाठीमुळे दोर सोडणं जमेना.

गावात लाइफबोटीसाठी गरजेपेक्षा जास्त माणसं हजर झाली. कॉक्सवेन ट्रेव्हेलियन रिचर्ड्स यांनी सात निवडले. त्यांत नायजेल ब्रॉकमन होते, म्हणून त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा नील याला त्यांनी घेतलं नाही. अशा रात्री एका घरातले दोघे न्यायचे नाहीत, हा त्यांचा निर्णय. ‘सॉलोमन ब्राउन’ ही 47 फुटी लाकडी बोट आठ जणांना घेऊन रात्री आठनंतर पाण्यात उतरली. ती जहाजाला भिडत होती, लाट तिला दूर फेकत होती, ती पुन्हा भिडत होती. एकदा तर लाटेनं ती थेट जहाजाच्या डेकवर आपटली आणि तिथून घसरून परत पाण्यात आली. रात्री 9 वाजून 21 मिनिटांच्या सुमारास रेडिओवर निरोप आला, चार जण आमच्याकडे आले आहेत. निरोप पुरा व्हायच्या आत आवाज तुटला. दोन्ही बोटींवरचे मिळून सोळा जण गेले, एकही वाचला नाही.

रिचर्ड्स यांना मरणोत्तर सुवर्ण आणि उरलेल्या सातही जणांना कांस्यपदक मिळालं. वाचलेल्यांचा आकडा इथे शून्य आहे. फक्त मोजदाद करणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेत या आठांसाठी रकाना निघाला नसता. रिचर्ड्स यांच्या पदकाला सोनं का आणि बाकीच्यांना कांस्य का, हा प्रश्न मला अजून छळतो. बोट घालायचा निर्णय त्यांचा आणि सुकाणू त्यांच्या हाती, हे उत्तर मला कळतं, पूर्ण पटत मात्र नाही. त्या रात्री हेलिकॉप्टर चालवणारा वैमानिक अमेरिकी होता, त्यानं वरून सगळं पाहिलं आणि ते कळवलं. बोटीवरचं कोणीच उरलं नव्हतं म्हणून त्याच्या साक्षीला फार मोल आलं. एका दिवसाच्या आत माउसहोलमध्ये नव्या बोटीसाठी पुरेशी माणसं नाव द्यायला आली. नील ब्रॉकमन पुढे त्याच केंद्राचा कॉक्सवेन झाला.

प्रत्येक बक्षिसामागे चौकशी असते. वारा किती, भरती कोणती, प्रकाश होता का, बोट कशी हाताळली, कोणत्या क्षणी कोण कुठे होता. त्यावरून ठरतं की पदक द्यायचं, की चर्मपत्रावर लिहिलेले संस्थेचे आभार, की चौकटीतलं कौतुकाचं पत्र. ही उतरंड लोकांना कोरडी वाटते. मला तीच संस्थेची खरी करामत वाटते, कारण पदक शेवटी एखाद्या खणात जाऊन पडतं, पण कोणी काय केलं याची पडताळून लिहिलेली नोंद मागे राहते. पदकं आता मोजकीच मिळतात. 1997मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या शेटलंड बेटांवरच्या हेविट क्लार्क यांनी ‘ग्रीन लिली’ जहाजावरून पाच जण काढले, त्याबद्दल त्यांना सुवर्ण मिळालं. त्याच वादळात बाकीच्यांना हेलिकॉप्टरपर्यंत पोचवताना बिल डीकन हा किनारारक्षक सेवेशी जोडलेला जवान मेला. वेल्समधल्या पोर्थकॉलच्या एलीन जोन्स यांना 2005मध्ये कांस्य मिळालं, लाइफबोटीच्या चमूत काम करून पदक मिळवणारी ती पहिली स्त्री. ग्रेस डार्लिंग दीपगृहात राहायची, बोटीच्या चमूत नव्हती.

ही पद्धत आता एका संस्थेपुरती उरलेली नाही. लंडनमध्येच कार्यालय असलेली आंतरराष्ट्रीय सागरी संघटना 2007पासून समुद्रावरच्या असामान्य शौर्यासाठी जगभरातून निवड करून पुरस्कार देते. 2016मध्ये तो पहिल्यांदा एका स्त्रीला मिळाला, आणि ती भारतीय होती. कॅप्टन राधिका मेनन, मुंबईत मुख्यालय असलेल्या शिपिंग कॉर्पोरेशनच्या ‘संपूर्ण स्वराज्य’ या तेलवाहू जहाजाच्या कप्तान. जून 2015मध्ये ओडिशाच्या गोपाळपूरजवळ ‘दुर्गम्मा’ ही मासेमारी बोट इंजिन बंद पडून, नांगर गमावून भरकटली होती. बोटीवर सात जण. अन्नपाणी वाहून गेलेलं, मासे ठेवायच्या बर्फावर ते दिवस काढत होते. वारा साठ नॉटच्या वर, लाटा पंचवीस फुटांहून उंच. एवढं मोठं तेलवाहू जहाज अशा समुद्रात लहान होडीजवळ नेणं म्हणजे होडीच चिरडायची भीती. तीन प्रयत्न करावे लागले, तेव्हा सातही जण शिडीनं वर आले. इकडे घरच्यांनी त्यांच्या अंत्यविधीची तयारी सुरू केली होती.

पुरस्कारासाठी नाव भारत सरकारनं सुचवलं होतं. पदक कप्तानाच्या नावानं आहे, आणि ते योग्यच आहे. मला मात्र पेनलीसारखी इथेही पूर्ण यादी वाचायला आवडली असती: तिसऱ्या खेपेला शिडी खाली सोडून धरणाऱ्या, बाजूला लाटेचं पाणी झेलत उभ्या राहिलेल्या प्रत्येक खलाशाच्या नावासकट.

नमस्कार.