धोबीपछाड

कोल्हापुरात येऊन कुस्तीवर बोलायचं म्हणजे काशीत गंगाजळ विकायला बसण्यासारखं आहे. पण मी डाव शिकवायला आलेलो नाही. माझी नोकरी बँकेत गेली. तरुणपणी तालमीची माती थोडी अंगाला लागली, त्यापेक्षा जास्त शाई बोटांना लागली. त्यामुळे आजचा आपला पैलवान मला आखाड्यात नाही, कॅश काउंटरवर भेटला. तो आहे बल्गेरियाचा. नाव एव्हेलिन बानेव्ह. तिकडे त्याला ‘ब्रेंडो’ म्हणतात.

बल्गेरिया हा केवढासा देश! लोकसंख्या ६५ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात त्याहून जास्त माणसं राहतात. पण कुस्तीत दबदबा मोठा. आपल्या खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. त्यानंतर चारच वर्षांनी, मेलबर्नला, निकोला स्तांचेव्हनं बल्गेरियाला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं, आणि तेही कुस्तीतच. कम्युनिस्ट राजवटीनं खेळाच्या निवासी शाळा काढल्या. पोरगं लहानपणी उचलायचं, त्याच्या खुराकाची, कपड्यांची, पुढं नोकरीचीही काळजी सरकारनं घ्यायची. राजाश्रयच तो, फक्त राजा पक्षाच्या कचेरीत बसलेला.

१० नोव्हेंबर १९८९ ला तिथला कम्युनिस्ट सत्ताधीश तोदोर झिव्हकोव्ह याची सत्ता गेली आणि हा खुराक तुटला. संस्थानं खालसा झाल्यावर आपल्या तालमींचं काय झालं, हे तुम्हाला मी सांगायला नको. फरक एवढाच की आपला पैलवान शेतावर परत जाऊ शकत होता. तिकडचा पैलवान शहरात उभा होता. मान बैलासारखी, हाताला काम नाही, आणि आजूबाजूला नवी दुकानं, नवी हॉटेलं, नवे पैसेवाले. पोलीस मात्र गायब. मग त्यानं राखण सुरू केली. आधी हॉटेलच्या दाराशी, मग अख्ख्या गल्लीची.

बल्गेरियन भाषेत ‘बोरेत्स’ म्हणजे कुस्तीगीर. नव्वदच्या दशकात त्या शब्दाचा अर्थच पालटला. ‘बोर्त्सी आले’ म्हटलं की दुकानदार गल्ला उघडून बसायचा. वासिल इलिएव्ह नावाच्या पैलवानानं ‘व्हीआयएस’ नावाची सुरक्षा कंपनी काढली. सरकारनं १९९४ साली परवाना काढून घेतला, तर पठ्ठ्यानं ‘व्हीआयएस-२’ म्हणून विमा कंपनी काढली! गाडीच्या काचेवर त्यांचं स्टिकर असेल तर गाडी जागेवर राहायची. नसेल तर सकाळी जागा रिकामी. विमा उतरवणारा आणि गाडी पळवणारा एकच, असा हा विमा. (हशा.) हसताय, पण धंदा म्हणून याला तोड नाही. शेजारच्या युगोस्लाव्हियावर १९९२ पासून संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध होते, तिकडे चोरून पेट्रोल पाठवण्यात आणखी पैसा सुटला.

या मंडळींचा शेवट बहुधा गोळीनं झाला. वासिल १९९५ मध्ये, त्याचा भाऊ गेओर्गी २००५ मध्ये. इलिया पाव्हलोव्ह हाही कुस्तीगीरच, लष्करी गुप्तचर खात्यातल्या मोठ्या अधिकाऱ्याचा जावई, ‘मल्टिग्रुप’ या उद्योगसमूहाचा मालक. एका माजी पंतप्रधानाच्या खुनाच्या खटल्यात त्यानं मार्च २००३ मध्ये साक्ष दिली आणि दुसऱ्याच दिवशी सोफियात स्वतःच्या कचेरीबाहेर तो मारला गेला.

बानेव्ह याच मातीतला, पण त्याच्यावरचे आरोप गल्लीतल्या हप्त्याचे नाहीत. दक्षिण अमेरिकेतून युरोपात येणारं कोकेन आणि त्याचा पैसा, हा आरोप. इटलीत २०१७ मध्ये अमली पदार्थांच्या व्यापाराबद्दल आणि बल्गेरियात २०१८ मध्ये मनी लाँडरिंगबद्दल, म्हणजे काळ्याचं पांढरं केल्याबद्दल, तो दोषी ठरला, मग नाहीसा झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये युक्रेनमध्ये पकडला गेला.

आता इथून माझं खातं सुरू होतं. कोकेन किरकोळीत विकलं जातं, म्हणून पैसा येतो तो सुट्ट्या, मळक्या नोटांत. हिशोब करा. दहा लाख युरो वीसच्या नोटांत म्हणजे ५० हजार नोटा, वजन साधारण ४० किलो. तेच पाचशेच्या नोटांत दोन-सव्वादोन किलो, टिफिनच्या पिशवीत मावतील. युरोपच्या मध्यवर्ती बँकेनं पाचशेची नोट थांबवायचं ठरवलं त्यामागं हे एक कारण होतंच. पण वीसच्या नोटा असतील तर सुटकेस उचलायला पैलवानच लागतो.

स्वित्झर्लंडच्या सरकारी वकिलांनी पाचशेहून जास्त पानांचं आरोपपत्र दाखल केलं, त्यात बानेव्हच्या टोळीच्या या सुटकेसा आहेत. २००४ ते २००८ या काळात तिथल्या क्रेडिट सुइस या बड्या बँकेत त्या येत, नोटा लॉकरमध्ये जात, आणि मग थोड्या थोड्या करून खात्यात. मर्यादेच्या आत राहील एवढीच रक्कम एका वेळी भरायची, म्हणजे घंटा वाजत नाही. ही युक्ती आपल्यालाही नवी नाही. आपल्याकडे दहा लाखांवरच्या रोखीची खबर बँकेला वर द्यावी लागते, आणि महिन्याभरात तुकड्यातुकड्यानं भरलेली रक्कमही त्यात धरतात. माझ्याकडे एक गुळाचे व्यापारी यायचे, रोज एकोणपन्नास हजार घेऊन. कारण तेव्हा पन्नास हजारांवर पॅन मागायचे. मी विचारलं, “शेठ, गुळाचा भाव रोज तेवढाच कसा?” ते म्हणाले, “साहेब, तुम्ही चहा घ्या.” चहा मी घेतला, हे कबूल करतो. शेरा मात्र त्याच संध्याकाळी लिहिला.

तिथल्या आरोपपत्रानुसार एकूण १४ कोटी ६० लाख स्विस फ्रँकचे व्यवहार झाले, त्यात रोख ४ कोटी ३० लाख. ही खाती सांभाळणारी अधिकारी स्वतः बल्गेरियाची नावाजलेली टेनिसपटू होती. ती २००४ मध्ये बँकेत आली तीच आपला एक बल्गेरियन खातेदार बरोबर घेऊन. २००५ मध्ये तो खातेदार बायकोबरोबर रेस्टॉरंटमधून बाहेर पडताना गोळ्या घालून मारला गेला. साध्या शाखेतसुद्धा खातेदाराचा खून झाला तर व्यवस्थापकाची झोप उडते. इथं वरिष्ठांना खुनांची आणि कोकेनची कुणकुण होती, तरी व्यवहार चालू ठेवले, असं तिनं कोर्टात सांगितलं. बँकेचं म्हणणं वेगळं. ही मंडळी बांधकाम, लीजिंग आणि हॉटेलं चालवत होती, पैसा धंद्याचा होता. हे तोंडावर फेकून देण्यासारखं उत्तर नाही, हेही लक्षात घ्या. बल्गेरिया २००७ मध्ये युरोपीय संघात गेला. त्याआधी काळ्या समुद्राच्या काठावर नुसत्या इमारती उठत होत्या, आणि बांधकामात रोख कशी खेळते हे कोल्हापूरकरांना कुणी सांगावं? काळ्याचं पांढरं करायचं तर शेजारी खरं पांढरं थोडं असावंच लागतं. धोबीसुद्धा एकटा मळका सदरा धूत नाही, गाठोडं धुतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलिन्झोना गावी खटला उभा राहिला. स्वित्झर्लंडमधल्या एवढ्या मोठ्या बँकेवर असा फौजदारी खटला पहिल्यांदाच. आणि गंमत बघा, आरोपींत बानेव्ह नव्हता! बँक होती. तिथल्या दंडसंहितेचं कलम १०२ सांगतं की गुन्हा टाळायची पुरेशी व्यवस्था संस्थेनं ठेवली नाही तर संस्थाच दोषी. जास्तीत जास्त दंड ५० लाख फ्रँक. जूनमध्ये निकाल लागला: बँकेला २० लाखांचा दंड, वर १ कोटी ९० लाखांची वसुली, आणि त्या अधिकारी बाईंना २० महिन्यांची स्थगित शिक्षा. बानेव्हच्या टोळीच्या खात्यांतले १ कोटी २० लाखांहून जास्त फ्रँक जप्त झाले. बँकेनं अपील केलं.

अपील चालू असतानाच मार्च २०२३ मध्ये बँक बुडायला आली. या खटल्यामुळं नव्हे, त्याची कारणं दुसरी, ती आज काढत बसलो तर रात्र होईल. यूबीएस या दुसऱ्या स्विस बँकेनं तिला तीन अब्ज फ्रँकमध्ये घेतलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अपील कोर्टानं बँकेला निर्दोष ठरवलं, दंड आणि वसुली दोन्ही रद्द. सरकारी पक्ष त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेला. यूबीएसही गेली, तिचा मुद्दा मर्यादित: एक बँक दुसरीत विरघळली, तर पहिलीचं पाप दुसरीच्या डोक्यावर येतं का? म्हणजे कुस्ती लागलेली, पंच शिट्टी घेऊन उभे, आणि वाद चाललाय की लाल मातीत उभा असलेला हा मल्ल तोच आहे का, ज्याचं नाव पुकारलं होतं.