१७०१ आणि १०१७

[दृश्य : टेबलावर पांढऱ्या प्लॅस्टिकचं यान. पाण्यात भिजवलेला आकड्यांचा पातळ पापुद्रा चिमट्याच्या टोकाने कागदावरून सरकतो आणि तबकडीवर बसतो.]

यान ओळखीचं आहे. पुढे मोठी गोल तबकडी, तिच्याखाली लांबट पोट, मागे वर उचलून धरलेली दोन इंजिनं. ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळातली अमेरिकन मालिका पाहिलेला माणूस झोपेतसुद्धा सांगेल, हे एंटरप्राइज, एनसीसी-१७०१. पण इथे तबकडीवर आकडे बसतायत १, ०, १, ७.

१९६७ साली आलेल्या एका भागात एंटरप्राइजच्या कप्तान कर्कला अंतराळात भग्न अवस्थेत एक यान सापडतं. कॉन्स्टेलेशन. एंटरप्राइजचं सख्खं भावंड, त्याच वर्गातलं, म्हणजे त्याच आराखड्यावर बांधलेलं. आणि क्रमांक मात्र एनसीसी-१०१७. भावंडांच्या क्रमांकांत जवळजवळ सातशेचं अंतर कसं?

स्टुडिओतलं कारण चाहत्यांना पाठ आहे. बाजारात मिळणारं एएमटी कंपनीचं एंटरप्राइजच्या मॉडेलचं किट आणलं, जाळून-पोळून त्याची दशा केली, आणि किटमधल्याच १७०१ या आकड्यांची अदलाबदल केली. झालं १०१७.

मुंबईतल्या चाहत्यांचा जो कंपू आम्हाला भेटला, त्यांचं काम इथून पुढे सुरू होतं. किटचं कारण खरंच आहे, पण ते आपल्या जगातलं. मालिकेतल्या अंतराळ-ताफ्याच्या, स्टारफ्लीटच्या जगात कुणीतरी त्या यानावर १०१७ रंगवलं, ते कशासाठी? पडद्यावर दिसलं म्हणजे घडलं, हा इथला पहिला नियम. ‘चूक झाली असेल’ म्हणून कुणाची सुटका होत नाही.

[दृश्य : मुलुंड. रविवारची सकाळ. डायनिंग टेबलावर ट्रेसिंग पेपर, गुण्या, टोक केलेल्या पेन्सिली.]

हे घर ज्यांचं, त्या काकांची सगळी नोकरी माझगावच्या गोदीत, ड्रॉइंग ऑफिसात झाली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका लागायची, तेव्हापासूनचं त्यांचं हे वेड. १०१७ चा विषय निघाला की ते यानाचं चित्र दाखवतच नाहीत. युद्धनौकांचे फोटो दाखवतात. आयएनएस दिल्ली नौदलात आली १९९७ साली, क्रमांक डी-६१. तिच्याच वर्गातली म्हैसूर आली १९९९ साली, क्रमांक डी-६०. मग २००१ साली मुंबई, डी-६२. तिन्ही इथेच, माझगावला बांधलेल्या.

“आधी एकसष्ट आली, मागून साठ,” काका म्हणतात. “नंबरावरून जहाजाचं वय काढायचं नसतं.”

इंजिनिअरिंग शिकणारी एक मुलगी त्यांना तिथेच अडवते. “पण काका, साठ-एकसष्ट शेजारी-शेजारी आहेत. इथे सातशेची उडी आहे.” आणि ती मॅट जेफरीजना साक्षीला काढते. एंटरप्राइजचा आराखडा त्यांचा. त्यांनीच सांगून ठेवलंय की १७०१ म्हणजे सतराव्या आराखड्याचं पहिलं यान. मग त्याच हिशेबाने १०१७ म्हणजे दहाव्या आराखड्याचं सतरावं! जुन्या वर्गाचं यान, पुढे दुरुस्त करून एंटरप्राइजच्या बरोबरीला आणलेलं, क्रमांक तेवढा जुनाच राहिलेला. हा तर्क इतर देशांतल्या चाहत्यांनीही मांडलेला आहे.

तर्क सुरेख आहे. तरी मला काकांचं पटतं. जेफरीजचा हा हिशेब त्या मालिकेत कुणाच्या तोंडी येत नाही, म्हणजे पहिल्या नियमाप्रमाणे तो पुरावाच नव्हे. शिवाय दोन्ही यानं बाहेरून हुबेहूब सारखी दिसतात. जुनं यान इतकं बदलायचं, तर नवं बांधणं सोपं.

[दृश्य : मॉडेलभोवती फिरणारा कॅमेरा.]

या यानाला इतके बारीक प्रश्न विचारता येतात, याचं श्रेय जेफरीजना द्यायला हवं. ते स्वतः विमानं उडवणारे होते. इंजिनांमधली शक्ती धोक्याची असणार, म्हणून ती माणसांपासून दूर, खांबांवर. दुरुस्ती आतून करता यावी, म्हणून बाहेरचं अंग गुळगुळीत. आकडेसुद्धा असे निवडलेले, की लांबून एकाच्या जागी दुसरा वाटू नये.

लांबीही ठरलेली आहे, ९४७ फूट, म्हणजे सुमारे २८९ मीटर. बारा डब्यांच्या लोकलपेक्षा जास्त, पंधरा डब्यांच्या लोकलपेक्षा कमी. चित्रीकरणाचं मोठं मॉडेल मात्र ११ फुटांचं, ते आज वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे. दिव्यांच्या वायरी डाव्या बाजूने आत जायच्या, म्हणून ती बाजू नीट सजवलेलीच नव्हती.

मजल्यांचं कोडंही आहे. १९९६ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात पुढच्या काळातली, नव्या बांधणीची एंटरप्राइज आहे. तिचे कप्तान पिकार्ड सांगतात, यानाला २४ मजले. थोड्या वेळाने २६ व्या मजल्याचा उल्लेख येतो, आणि २००२ च्या चित्रपटात मारामारी थेट २९ व्या मजल्यावर. यावर मुलुंडला अजून एकमत नाही.

[दृश्य : ट्रेसिंग पेपरवर वर्तुळ. काका त्याचे दहा भाग पाडतात.]

काकांचा जीव अडकलाय तो ब्रिजमध्ये, म्हणजे कप्तान बसतो त्या कक्षात. बाहेरून पाहिलं तर ब्रिजच्या मागे, अगदी मधोमध, एक छोटा उंचवटा दिसतो. तो लिफ्टचा असणार. पण आत पाहा. लिफ्टचं दार कप्तानाच्या बरोबर पाठीमागे नाही, डाव्या हाताला सरकलेलं आहे. वर्तुळाचे दहा भाग केले, तर एक घर. ३६० भागिले दहा. ३६ अंश.

फ्रान्झ जोसेफ नावाने ओळखले जाणारे श्नॉबेल्ट विमान कंपनीत आराखडे काढायचे. निवृत्तीनंतर त्यांनी या यानाचे नकाशे काढले, १९७५ साली ते प्रसिद्ध झाले आणि भरपूर खपले. त्यांनी तोडगा काढला तो सरळ गणिताचा. सगळा ब्रिजच ३६ अंशांनी फिरवला. दार उंचवट्यापाशी आलं, पण कप्तानाचं तोंड यानाच्या दिशेला राहिलं नाही.

काकांना हा नकाशा मान्य आहे. समोर पडदा आहे, खिडकी नाही. मग तोंड कुठेही असलं तरी काय बिघडलं?

“पण काका, वैमानिकाने काढलंय हे यान,” मुलगी म्हणते. “तो कप्तानाला तिरका बसवेल?”

काका पट्टी उचलून बघत राहतात. मग तीच सुचवते. या यानातली लिफ्ट आडवीही धावते, हे तर पडद्यावर दिसतं. ती उंचवट्यातून वर येते आणि एक घर बाजूला सरकून थांबते. ब्रिज फिरवायची गरजच नाही.

“सरकायला भिंतीत जागा किती लागेल?” काका विचारतात आणि नवा कागद पसरतात. लिफ्टच्या डब्याची रुंदी दारावरून काढायची, दाराची त्यात उभ्या माणसावरून. मुलगी लॅपटॉपवर कर्क दारात उभा असलेली फ्रेम शोधतेय.